हातोडी कोण आणून देणार?

गेल्या पावसाळ्यात माझी मावशी आमच्याकडे राहायला होती. वय चौऱ्याहत्तर. काकांना जाऊन आता काही वर्षं झाली, मुलगी परगावी, त्यामुळे पावसाचे दिवस तिने एकटीने काढू नयेत असा आमचाच आग्रह. एका शनिवारी संध्याकाळी पाऊस थांबायचं नाव घेईना. चिरंजीवांचा बाहेर जायचा बेत फिसकटला. मग त्याने आम्हा दोघींना समोर बसवलं आणि एक इंग्रजी सिनेमा लावला. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’. मावशीला इंग्रजी कळत नाही, म्हणून तो मध्ये मध्ये थांबवून तिला मराठीत सांगत होता. अडीच तासांचा सिनेमा आम्ही चार तास पाहिला. मध्ये पिठलं-भातही झाला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी हा सिनेमा पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (शेवटही सांगणार आहे, तेव्हा पाहायचा असेल तर आधी पाहून या, मग वाचा!) अमेरिकेतल्या मेन राज्यात शॉशँक नावाचा एक तुरुंग. काल्पनिकच. १९४७ साली तिथे अँडी नावाचा तरुण बँक अधिकारी येतो. बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून केल्याचा आरोप सिद्ध होऊन त्याला दोन जन्मठेपा झालेल्या असतात. खून त्याने केलेला नसतो. आतमध्ये त्याची मैत्री रेडशी होते. रेड हा तुरुंगातला ‘सगळं मिळवून देणारा’ माणूस. सिगारेट म्हणा, पोस्टर म्हणा, बाहेरून काहीही आणून देणारा. गोष्ट तोच आपल्याला सांगतो. स्टीफन किंगची ही दीर्घकथा १९८२ साली आली आणि फ्रँक डॅराबाँट या दिग्दर्शकाने १९९४ मध्ये तिचा सिनेमा केला. थिएटरात तो फारसा चालला नाही. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, बक्षीस एकही नाही. पण पुढे व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवरून तो घराघरांत पोचला आणि लोकांनी त्याला असा काही डोक्यावर घेतला, की जगातल्या सर्वांत आवडत्या सिनेमांत त्याचं नाव आजही घेतलं जातं.

का बरं? तुरुंगाशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा कोट्यवधी माणसांना ही गोष्ट आपली का वाटली? मला वाटतं, त्याचं उत्तर अँडीच्या सुटकेत जितकं आहे तितकंच ब्रूक्स नावाच्या म्हाताऱ्यात आहे.

ब्रूक्स हा तुरुंगातला ग्रंथपाल. उभं आयुष्य आत गेलेलं. जवळपास पन्नास वर्षांनी, १९५४ साली, त्याला सुटकेचा कागद मिळतो तेव्हा तो आनंदाने नाचत नाही. उलट एका सोबत्याच्या गळ्याला सुरी लावतो. का? तर गुन्हा केला म्हणजे इथेच ठेवून घेतील! शेवटी त्याला बाहेर जावं लागतं. राहायला खोली मिळते, दुकानात पिशव्या भरायचं काम मिळतं. पण रस्त्यावरच्या गाड्यांची भीती वाटते, रात्री झोप लागत नाही. एक दिवस तो त्या खोलीतच गळफास घेतो. या भिंतींचा आधी राग येतो, मग सवय होते आणि शेवटी त्यांच्यावाचून चालेनासं होतं, अशा अर्थाचं रेड एकदा बोलतो. पुढे चाळीस वर्षांची शिक्षा भोगून तो स्वतः सुटतो तेव्हा त्याचीही तीच गत. त्याच दुकानात नोकरी आणि लघवीला जायचं तर मॅनेजरला हात वर करून विचारणं. प्रत्येक वेळी विचारायची गरज नाही, असं तो मॅनेजर त्याला सांगतो.

इथे मावशी पटकन म्हणाली, “अरे, तो परवानगी नाही मागत. कुणीतरी ‘हो’ म्हटल्याशिवाय त्याचं पाऊलच उचलत नसेल. सवय असते.”

मुलगा सिनेमाकडे बघत होता. मी मावशीकडे बघितलं. कारण मावशी आमच्याकडे आल्यापासून रोज संध्याकाळी एक गोष्ट व्हायची. खाली बागेत जायची वेळ झाली की ती चपला हातात घेऊन दारात उभी राहायची. काही बोलायची नाही, नुसती उभी. कोणीतरी “हो, जाऊन ये” म्हटलं की मगच चपला पायांत. घरात कोणी नसलं की ती खाली जायचीच नाही. मला आपलं वाटायचं, पाय दुखत असतील.

आता तुम्ही म्हणाल, की बाई निघाल्या संसाराला तुरुंग म्हणायला. तसं मी म्हणत नाही. ते म्हणणं सोपं आहे आणि खऱ्या तुरुंगातल्या बायकांवर अन्याय करणारंही आहे. २०२२ सालच्या अखेरीस आपल्या देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती. त्यात बायका जवळजवळ चोवीस हजार. एकूण कैद्यांपैकी चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही असे. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं, त्या मुलांना काय काय मिळालं पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाला २००६ साली सविस्तर सांगावं लागलं. ज्या लेकराने चंद्र गजांतूनच पाहिला, त्याच्यापुढे आपण ‘माझं घर म्हणजे तुरुंग’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

माझ्या काकांनी मावशीवर कधी हात उगारला नाही. दारू नाही, व्यसन नाही. फक्त सगळं त्यांना विचारून. भाजी कुठली, माहेरी किती दिवस, पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं. बँकेचं पासबुक त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या जानव्याला. चांगला माणूस म्हणून गावात नाव होतं आणि ते खोटंही नव्हतं. भिंत काही दगडाचीच असते असं नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

१९८४ साली मावशीला बालवाडीत शिक्षिकेची नोकरी लागत होती. ऑर्डर हातात आली होती. काका नाही म्हणाले. मावशी चार साड्या पिशवीत भरून आमच्याकडे निघून आली. आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांत तिला कोणी रागावलं नाही. उलट सगळे फार प्रेमाने बोलत होते. आजी म्हणाली, “धीर धर.” आई म्हणाली, “हळूहळू बदलतील ते.” आणि मी? मी तेव्हा कॉलेजात होते, वादविवाद स्पर्धांत स्त्रीमुक्तीवर बोलून ढाली मिळवत होते. मीही तेच म्हणाले. “मावशी, आशा सोडू नकोस, काका बदलतील.” नवव्या दिवशी तिची ती पिशवी उचलून एसटी स्टँडपर्यंत सोडायला मीच गेले होते. गाडी सुटताना तिने खिडकीतून हात हलवला. आपण किती चांगलं समजावलं, असं मला घरी येईपर्यंत वाटत होतं.

काका बदलले नाहीत. २०२१ साली गेले. म्हणजे हिशोब करा, सदतीस वर्षं.

म्हणूनच त्या सिनेमात आशेवरून अँडी आणि रेडचं जे वाजतं, ते मला या वेळी वेगळंच ऐकू आलं. अँडी म्हणतो, माणसाच्या आत एक जागा असते, तिथे कोणाचा हात पोचत नाही, तिथे आशा असते. रेड वैतागतो. आशा ही धोक्याची गोष्ट आहे, ती माणसाला वेडं करते, असं त्याला वाटतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी अर्थातच अँडीच्या बाजूची होते. आता वाटतं, रेडचंही काही चूक नव्हतं. वीस वर्षं झाल्यावर त्याला पॅरोलच्या कमिटीपुढे उभं केलं होतं, तीस वर्षं झाल्यावर पुन्हा. दोन्ही वेळा तो हात जोडून म्हणाला होता, की मी सुधारलो आहे. दोन्ही वेळा नकाराचा शिक्का. समोरच्याचं मन पालटेल या आशेवर माणूस जगला तर त्याचं असंच होतं. आपल्याकडे तर या आशेचं फार कौतुक! ‘मूल झालं की सुधारेल’, ‘सासू थकली की तुझंच राज्य’, ‘रिटायर झाले की शांत होतील’. ही आशा म्हणजे दाराला आतून लावलेली कडी. बाहेरच्यांना कुलूप घालायचीही गरज पडत नाही.

अँडीची आशा निराळी होती. तिला रोजचं काम होतं. तुरुंगाच्या ग्रंथालयाला पैसे मिळावेत म्हणून तो सरकारला दर आठवड्याला एक पत्र लिहितो. उत्तर येत नाही. तो लिहीतच राहतो. सहा वर्षांनी कंटाळून ते दोनशे डॉलर आणि जुन्या पुस्तकांची खोकी पाठवतात. आता पुरे म्हणतात. त्यावर अँडी काय करतो? आठवड्याला दोन पत्रं लिहायला लागतो! आणि रात्री, सगळे झोपल्यावर, एका छोट्याशा हातोडीने कोठडीची भिंत कोरत बसतो. भिंतीवर सिनेमातल्या नटीचं पोस्टर, पोस्टरमागे भोक. हातोडी लपवलेली बायबलच्या पानांत, जे बायबल तो ढोंगी तुरुंगाधिकारी ऊठसूट सगळ्यांना दाखवत असतो. एकोणीस वर्षं हे चालतं. मग एका वादळी रात्री तो पाचशे यार्ड लांबीच्या मैलापाण्याच्या नळातून सरपटत बाहेर पडतो.

मुलाने टाळी वाजवली. मी मनातल्या मनात या लेखाची जुळवाजुळव करत होते. अगदी सोपी मांडणी सुचली होती, वाट पाहणारी आशा वाईट, हात चालवणारी आशा चांगली. आणि आपली मावशी बिचारी, पहिल्या प्रकारातली.

तेवढ्यात मावशी म्हणाली, “एकोणीस वर्षं, आणि शेजारच्याला पत्ता नाही! मला मात्र दोनदा धरलं होतं तुझ्या काकांनी.”

“काय धरलं?”

“तूरडाळीच्या डब्यात पैसे. तिसऱ्यांदा मग डबा बदलला. राजगिऱ्याच्या डब्याला उपासाशिवाय कोण हात लावतं?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या नवव्या दिवशी एसटीतून उतरल्यापासून तिने घरखर्चातून रुपया-दोन रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली. चार आण्याची कोथिंबीर मागून घ्यायची आणि हिशोबात लिहायची. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून द्यायच्या, पैसे शेजारणीकडे ठेवायचे. दहा वर्षांनी त्या पैशांतून माझ्या मावसबहिणीची कॉम्प्युटरच्या क्लासची फी भरली. काकांना सांगितलं, सरकारी योजनेत फुकट आहे! ती मावसबहीण आज स्वतःच्या पायावर उभी आहे, स्वतःचं पासबुक स्वतःच्या पर्समध्ये ठेवते. “मी नुसती बसले नव्हते गं,” मावशी म्हणाली. “मला नाही जमलं बाहेर पडायला. भोक माझ्या मापाचं नव्हतंच पडत. पोरीच्या मापाचं पडलं.”

मैत्रिणींनो, मी गप्प झाले. सगळ्या शॉशँकला वाटत होतं, अँडी दगडगोटे घासून बुद्धिबळाच्या सोंगट्या करतोय. त्याच्या सगळ्यांत जवळच्या मित्रालाही आतलं काही कळलं नव्हतं. आणि मी स्वतःच्या मावशीला चाळीस वर्षं ‘सोसणारी’ या एका शब्दात बंद करून टाकलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला पोस्टरच दिसतं, नाही का?

या सिनेमाबद्दल माझी एक तक्रार मात्र आहे आणि या पानावर ती सांगितलीच पाहिजे. त्यात बाई जवळजवळ नाहीच. आहेत त्या भिंतीवर, चित्रांत. अँडीच्या बायकोने घटस्फोट मागितला होता, तो त्याने दिला नव्हता. तिची बाजू आपल्याला कधी ऐकूच येत नाही. अँडीला पुढे एवढं कळतं, की गोळी आपण झाडली नसली तरी तिला दूर लोटलं ते आपणच. आणि आपला लाडका रेड? मूळ कथेत त्याने विम्याच्या पैशांसाठी बायकोच्या मोटारीचे ब्रेक निकामी केले होते. त्यात बायको गेलीच, पण तिने वाटेत गाडीत घेतलेली शेजारीण आणि तिचं तान्हं बाळही गेलं. सिनेमात हा तपशील गाळला आहे. गाळल्यामुळे रेडवर प्रेम करणं आपल्याला सोपं जातं. पण मला वाटतं, हा माणूस आपल्याला खरा कळायचा असेल तर ती मोटार विसरता कामा नये. तिसऱ्या वेळी कमिटीपुढे तो ‘मी सुधारलो’ म्हणत नाही. केल्याचा पश्चात्ताप झाला नाही असा एक दिवस जात नाही, एवढं सांगतो आणि तुमचा शिक्का मारून मला मोकळं करा म्हणतो. नेमकी तेव्हाच त्याची सुटका होते.

आपल्याकडेही अशी एक गोष्ट आहे. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’, १९५७ सालचा, गदिमांच्या लेखणीतून उतरलेला. सहा खुनी कैदी आणि त्यांना उघड्या माळावर शेती करायला नेणारा जेलर. त्याला आधार होता औंध संस्थानातल्या खऱ्या प्रयोगाचा. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला कैदी बिनभिंतीच्या वसाहतीत राहू लागले, शेती करू लागले. तिथे विश्वास वरून मिळाला. शॉशँकमध्ये वरचाच माणूस लबाड. अँडी निर्दोष असल्याचं ज्या पोराला ठाऊक असतं, त्याला तो अधिकारी गोळी घालून मारायला लावतो. मूळ कथेत ते पोर मरत नाही. त्याला चांगल्या तुरुंगात बदली देऊन गप्प केलं जातं. मला तर हेच जास्त खरं वाटतं. माणूस बहुतेक वेळा गोळीने गप्प होत नाही, सोयीने होतो. आम्ही नव्हतो का झालो, १९८४ मध्ये? मावशी परत गेली की सगळ्यांचीच सोय होती. आजीची, आईची, माझीसुद्धा. परीक्षा जवळ आली होती आणि घरात खोल्या दोनच होत्या.

म्हणून आता या सिनेमातला मला सगळ्यांत मोठा वाटणारा माणूस अँडी नाही. रेड आहे. आशेवर त्याचा विश्वास नव्हता, ‘धीर धर’ असं तो अँडीला एकदाही म्हणत नाही. पण अँडीने हातोडी मागितली, त्याने आणून दिली. पोस्टर मागितलं, आणून दिलं. या हातोडीने भिंत फोडायला सहाशे वर्षं लागतील, असं त्याला वाटलं. तरी दिली. आपल्या आसपासच्या बाईला बऱ्याचदा आपल्या उपदेशाची गरज नसते. ‘सोसू नकोस, उठ’ हाही उपदेशच, नुसता उलट बाजूचा. तिला एखादी वस्तू हवी असते. तिच्या नावावर उघडलेलं खातं, जिथे तिचे कागद सुरक्षित राहतील असं एखादं कपाट, वकिलाचा फोन नंबर, गोधड्यांचे पैसे सांभाळणारी शेजारीण. मावशीची ती शेजारीण माझ्याइतकी शिकलेली नव्हती आणि तिने कधी ढाल मिळवली नव्हती. पण हातोडी तिनेच सांभाळली. आणि १९८४ साली मावशीला आमच्याकडून हवा होता तो एकच शब्द. “राहा.” तो कोणी उच्चारला नाही.

सिनेमाच्या शेवटी रेड अँडीच्या मागे निघतो. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर दोघे भेटतात. मूळ कथेत ही भेट नाही. रेड वाटेवर आहे आणि त्याला आशा वाटते आहे, एवढ्यावरच किंग थांबतो. भेट दाखवली ते बरं केलं असं मावशीचं मत पडलं. “एवढा वेळ बसवलंत, तर समुद्र तरी दाखवा,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. संध्याकाळी मावशी चपला घेऊन दारात उभी. मी ठरवून गप्प राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी तीच वैतागली, “अगं, म्हण की काहीतरी!”

“तुझं तू ठरव,” मी म्हटलं.

“चाळीस वर्षांपूर्वी म्हणायचं होतंस,” ती म्हणाली. मग दाराचा आधार घेत चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरायला लागली. मी वरून बघत राहिले. फाटकाशी ती थांबली. मला वाटलं, आता वळून बघेल. पण ती वर आभाळाकडे बघत होती, पाऊस येतो की काय ते. छत्री विसरली होती. मी खाली जाऊन देऊन आले.